क्रूझवरचं ड्रिंक पॅकेज घ्यायचं का? आधी घरच्यांचं पिणं मोजा

नागपूरहून आता बरेच जण सिंगापूरची क्रूझ करून राहिले, आमच्या सोसायटीतलीच तीन कुटुंबं यंदा जाऊन आली, आणि बुकिंगच्या वेळी सगळे एकाच जागी येऊन अडतात, ड्रिंक पॅकेज, म्हणजे रोजची ठरलेली रक्कम भरून जहाजावर पिण्याची सोय, ते घ्यायचं का नाही. एजंट म्हणतो घेऊन टाका ना ताई, टेन्शन नाही, कितीही प्या. घरातला एक म्हणतो इतके पैसे पाण्यात काहून घालायचे. मग शेवटच्या दिवशी घाईघाईत कोणीतरी हो म्हणून टाकतं. मी दोनदा जाऊन आले, पहिल्यांदा पॅकेज घेऊन, दुसऱ्यांदा आधी हिशोब मांडून, म्हणून सगळं नीट लिहून देते, कारण यात चाळीस-पन्नास हजारांचा फरक पडतो आणि तो पैसा लोकांनी वर्षभर साठवलेला असतो.

पहिल्या वेळी काय झालं ते सांगते. चार रात्रींची ट्रिप, सिंगापूर, पेनांग, फुकेत आणि परत. एजंटने कोटेशनमध्ये "ऑल ड्रिंक्स इन्क्लुडेड" अशी एक ओळ टाकलेली, आम्हाला वाटलं तिकिटातच आहे, नंतर कळलं की दोघांचं दारूचं पॅकेज वेगळं लावून रक्कम एकूण किमतीत मिसळली होती. आता पैसे भरलेच आहेत म्हटल्यावर वसूल करायचं डोक्यात बसलं. पेनांगला जॉर्ज टाउनच्या गल्ल्यांत भिंतीवरची चित्रं पाहत आम्ही मस्त फिरत होतो, लेक प्रत्येक भिंतीसमोर उभी राहून फोटो काढायला लावत होती, आणि हे दर अर्ध्या तासाने घड्याळ पाहून राहिले की चला जहाजावर जाऊ, पॅकेज वाया जाऊन राहिलं. दोन वाजता परत आलो. जहाज संध्याकाळपर्यंत तिथेच उभं होतं. डेकवर ह्यांच्यासमोर चौथ्या बिअरचा ग्लास, अर्धा भरलेला, फेस बसलेला, उन्हात गरम होत असलेला, आणि ते म्हणाले आता नको वाटते पण सोडवत नाही. मला त्या क्षणी इतकं वाईट वाटलं, पेनांग पुन्हा कधी पाहणार होतो आम्ही.

तर आता हिशोब. पहिली गोष्ट, पॅकेजचा भाव रोजचा, माणशी असतो आणि सगळ्या ट्रिपसाठी घ्यावा लागतो, मला दोनच दिवस पाहिजे असं सहसा चालत नाही. त्यावर टिप लागते, बऱ्याच कंपन्यांत १८ टक्के, काहींत २० टक्के. वेबसाइटवर जो आकडा मोठ्या अक्षरात दिसतो त्यात ही टिप बहुतेक वेळा नसते. समजा ८० डॉलर रोज लिहिलंय, तर खरे ९४ डॉलर ४० सेंट. दोघांचे चार रात्रींचे ७५५ डॉलर. डॉलर ९० रुपयांचा धरला तर ६८ हजार. हा आकडा रुपयांत लिहून फ्रिजवर लावा, डॉलरमध्ये पाहिलं की ८० हा आकडा छोटा वाटतो म्हणून सांगते.

इथे एक चूक फार जण करतात, पॅकेजचा भाव टिपशिवाय पाहतात आणि सुट्या ड्रिंकचा भाव टिप लावून, की मग पॅकेज स्वस्त दिसणारच. सुट्या ग्लासावर पण तेवढीच टिप लागत असेल तर सोपा उपाय म्हणजे दोन्हीकडची टिप सोडून द्या, पॅकेजचे ८० एका बाजूला आणि मेन्यू कार्डावरचे भाव दुसऱ्या बाजूला, सरळ लावा. आमच्या जहाजावर बिअर ८ डॉलर, कॉकटेल १३, व्हिस्कीचा पेग १२, मॉकटेल ८, कॅपुचिनो ५, कोल्ड्रिंक ४ असे भाव होते, मोठ्या कंपन्यांच्या जहाजांवर थोडंफार इकडेतिकडे असंच असतं. म्हणजे ८० वसूल करायला रोज दहा बिअर, नाहीतर सहा-सात कॉकटेल. रोज हं. ज्या दिवशी दुपारी जहाजावर चढता त्या दिवशी पण, आणि ज्या दिवशी आठ तास बंदरावर फिरता त्या दिवशी पण, कारण किनाऱ्यावरच्या हॉटेलात पॅकेज चालत नाही.

मग आपण किती पितो हे कसं ठरवायचं? घरी रोज किती पितो ते धरू नका, सुट्टीतलं पिणं वेगळं असतं. आपल्याकडे सोपी पद्धत आहे. मागच्या वेळी ताडोब्याला नाहीतर पेंचला, चिखलदऱ्याला गेला होता ना, दोन रात्री रिसॉर्टवर राहिला होता, त्याचं बिल मेलमध्ये सापडेल, त्यात बारचे आणि चहा-कॉफीचे किती आयटम होते ते मोजा. तो तुमचा सुट्टीतला खरा आकडा. क्रूझवर करमणूक जास्त आणि बार पावलापावलावर, म्हणून त्यात एखाद-दोन ग्लास वाढवा, पण तिप्पट करू नका. आमच्या ह्यांच्या ताडोब्याच्या बिलात दोन दिवसांत तीन बिअर आणि चार पेग होते. हे आधी पाहिलं असतं तर पहिल्या वेळचे पैसे वाचले असते.

दुसऱ्या ट्रिपला मी वहीचं पान घेऊन प्रत्येक दिवस वेगळा लिहिला, कारण सरासरी काढली की चढायचा दिवस आणि सी डे, म्हणजे पूर्ण समुद्रात जाणारा दिवस, एकच होऊन जातात आणि हिशोब बिघडतो. पहिला दिवस, चढायचा, ह्यांची एक बिअर, दोन पेग, एक कोल्ड्रिंक, झाले ३६. पेनांग, एक कॉफी, एक बिअर, दोन पेग, ३७. फुकेत तसंच, ३७. चौथा दिवस पूर्ण समुद्रात, म्हणून मोकळ्या हाताने लिहिलं, कॉफी, दोन बिअर, दोन पेग, मॉकटेल, कोल्ड्रिंक, ५७. पाचव्या दिवशी सकाळीच उतरायचं होतं. एकूण १६७. माझं, रोज एक कॅपुचिनो आणि एक मॉकटेल, सी डेला एक कॉफी आणि लाइम सोडा जास्त, एकूण ६१. दोघांचे मिळून २२८ डॉलर, आणि पॅकेज घेतलं असतं तर ६४०. फरक ४१२, त्यावर १८ टक्के टिप, म्हणजे ४८६ डॉलर, जवळपास ४४ हजार रुपये. नागपूरहून सिंगापूरला जाण्या-येण्याच्या एका तिकिटाचे पैसे त्यातून सुटू शकतात. वहीतलं ते पान ह्यांच्यासमोर ठेवलं, त्यांनी दोनदा बेरीज करून पाहिली आणि म्हणाले नको घेऊ.

फुकटात काय मिळतं ते पण आधी पक्कं करा, कारण पॅकेज विकणारा ते सांगत नाही. बुफेत पाणी, साधा चहा, साधी कॉफी, दूध, लेमोनेड किंवा आइस टी, सकाळच्या नाश्त्याला ज्यूस, हे बहुतेक मोठ्या जहाजांवर तिकिटातच असतं. पैसे लागतात ते कॅपुचिनो-लाटेला, बाटलीबंद पाण्याला, कॅनमधल्या कोल्ड्रिंकला, ताज्या काढलेल्या ज्यूसला. आपल्या लोकांचे जास्त पैसे पाण्याच्या बाटल्यांवर जातात. जहाजावरचं पाणी समुद्राचं गोडं करून नाहीतर बंदरावरून भरून, प्रक्रिया करून येतं, पिण्यायोग्य असतं, बुफेतल्या मशीनवरून आपली बाटली भरून घ्या आणि केबिनमध्ये ठेवा. सासूबाईंना पहिल्या दिवशी पटलं नाही, त्यांनी वास घेऊन पाहिला, चव घेतली, मग म्हणाल्या आपल्या माठासारखं नाही पण ठीक आहे. चहाचं मात्र सांगून ठेवते, टी-बॅग आणि गरम पाणी मिळतं, उकळलेला चहा विसरा, आम्ही घरून चहा मसाल्याची छोटी डबी नेली होती.

आता सगळ्यात मोठी गोष्ट, जी मला कोणीच सांगितली नाही. रॉयल कॅरिबियन, कार्निव्हल, एमएससी अशा बऱ्याच कंपन्यांचा नियम आहे की एका केबिनमधल्या एका मोठ्या माणसाने दारूचं पॅकेज घेतलं तर त्याच केबिनमधल्या सगळ्या मोठ्या माणसांना घ्यावं लागतं. कारण उघड आहे, एकाने घ्यायचं आणि दोघांनी प्यायचं असं होऊ नये. पण आपल्या घरांत नवरा घेतो आणि बायको घेत नाही हेच चित्र जास्त, मग तिच्या कॉफी-मॉकटेलसाठी पण पूर्ण ८० डॉलर रोज भरायचे. म्हणजे तुमचा हिशोब कधीच एकट्याचा नसतो, केबिनचा असतो. आणि मोठं माणूस म्हणजे कोण, तर त्या ट्रिपवर दारू पिण्याचं जे वय असेल त्याच्या वरचे सगळे. अमेरिकेहून निघणाऱ्या जहाजांवर ते २१ असतं, सिंगापूरहून निघणाऱ्या रॉयल कॅरिबियनवर १८. म्हणजे तुमचा इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाचा मुलगा, जो थेंबभर घेत नाही, तो तुमच्या केबिनमध्ये झोपला की त्याचं पण पॅकेज लागणार. तिघांचं धरून मग पहा काय आकडा येतो.

यावर आम्ही जे केलं ते नियमात बसून केलं. दुसऱ्या ट्रिपला दीर, जाऊ, त्यांचा पंधरा वर्षांचा मुलगा आणि सासूबाई पण सोबत होते. दिरांना कॉकटेल मनापासून आवडतात, ते हौसेने वेगवेगळे मागवून पाहतात, आणि जाऊ कॉफीशिवाय काही घेत नाही. आधी ठरलं होतं दीर-जाऊ एका केबिनमध्ये आणि सासूबाई-नातू दुसऱ्या. बुकिंगच्या आधी मी म्हटलं बदलू ना, दीर आणि मुलगा एका केबिनमध्ये, जाऊ आणि सासूबाई शेजारच्या. मुलगा वयात बसत नाही म्हणून पॅकेज एकट्या दिरांचंच लागलं. त्यांना सेलमध्ये ६८ डॉलरला मिळालं होतं, म्हणजे जाऊचं एक पॅकेज वाचलं ते टिपसकट ३२१ डॉलर, २९ हजार रुपये. दिवसभर सगळे एकत्रच असतात, फक्त झोपायला वेगळे. हे बुकिंग करतानाच करा, नंतर नावं हलवायला गेलं की कंपनी पैसे मागू शकते. आणि घरात कोणी गरोदर आहे, औषधं चालू आहेत, धर्मामुळे घेत नाही, तर कंपनीला फोन करून विचारा, काही वेळा दुसऱ्या माणसाला बिनदारूचं स्वस्त पॅकेज घेऊ देतात. विचारल्याशिवाय मात्र कोणी देत नाही.

आणि दिरांचं पॅकेज वसूल झालं का, तर हो. मी त्यांचं पण रोज लिहिलं, चार दिवसांत २२ कॉकटेल म्हणजे २८६ डॉलर, रोजची एक कॉफी २०, पाण्याच्या बाटल्या १६, एकूण ३२२, आणि पॅकेजचे मूळ पैसे २७२. वाचले ५० डॉलर आणि त्यावरची टिप. पण पूर्ण भावाने, ८० ने घेतलं असतं तर ३२० लागले असते, दोन डॉलरचा फायदा. म्हणजे इतक्या हौशी माणसाचं पण बरोबरीत सुटलं असतं, यावरून अंदाज घ्या. पॅकेज खरंच परवडतं ते सात रात्रींच्या, तीन-चार सी डे असलेल्या ट्रिपवर, कॉकटेल पिणाऱ्याला, आणि मित्रमित्र जाता, केबिनमधले दोघं पण घेणारे आहेत अशा वेळी. तिथे मी स्वतः म्हणेन घ्या.

कंपन्यांची तुलना करताना नुसता रोजचा भाव पाहू नका. रॉयल कॅरिबियनच्या डिलक्स पॅकेजमध्ये १४ डॉलरपर्यंतचा ग्लास बसतो, त्याहून महाग मागवला तर वरचा फरक भरायचा. कार्निव्हलमध्ये ती मर्यादा २० डॉलर आहे पण दिवसाला दारूचे १५ च ग्लास. प्रिन्सेस कंपनीच्या प्लस पॅकेजमध्ये पण दिवसाला १५ ग्लास. आता १५ कोण पिणार, ती अट सोडून द्या, ग्लासाच्या भावाची अट जास्त महत्त्वाची, सिंगल माल्ट आवडणाऱ्याने ती आधी वाचावी. मिनीबार आणि रूम सर्व्हिस बऱ्याच ठिकाणी पॅकेजच्या बाहेर असतात. एका वेळी एकच ग्लास देतात, दुसऱ्याला पाजताना दिसलात तर पॅकेज रद्द होऊन पैसे बुडू शकतात, म्हणून "मी माझ्या नावावर घेतो, तू पी" हे डोक्यातून काढा.

काही ठिकाणी पॅकेज इतर गोष्टींत गुंडाळून देतात. प्रिन्सेस प्लसमध्ये ड्रिंक्ससोबत वायफाय आणि स्टाफची रोजची टिप पण येते, भाव अलीकडे ६०-६५ डॉलरच्या आसपास. तिथे आधी विचारायचं की वायफाय आणि टिप मी तशीही देणार होते का. देणार असाल तर ते दोन्ही वजा करा, जे उरेल तो ड्रिंक्सचा खरा भाव, आणि तो मग वीस-पंचवीस डॉलरपर्यंत खाली येतो, ज्यात दोन बिअर आणि एक कॉफी घेणारा माणूस पण वसूल करतो. वायफाय नकोच असेल तर मात्र ते वजा करू नका, स्वतःला फसवल्यासारखं होतं. नॉर्वेजियन क्रूझ कंपनीच्या ऑफरमध्ये पॅकेज "फ्री" म्हणून येतं पण त्यावरची २० टक्के टिप आपल्याला भरावी लागते, रोजचे माणशी वीसेक डॉलर होतात ते. घेणाऱ्यासाठी हे पण वाईट नाही, फक्त फ्री समजून बसू नका.

छोटी पॅकेजेस, म्हणजे नुसतं सोडा किंवा बिनदारूचं, यांचा हिशोब दोन मिनिटांत होतो. सोडा पॅकेज १२ डॉलर रोज आणि कॅन ४ डॉलर, तर रोज तीन कॅन. मुलगा पंधरा वर्षांचा असेल तर सी डेला सहज पिईल, बंदरावर फिरायच्या दिवशी नाही, आणि लेमोनेड फुकट आहे. आम्ही घेतलं नाही. बिनदारूचं ३० डॉलरच्या आसपासचं पॅकेज मी माझ्यासाठी लावून पाहिलं, १२० विरुद्ध ६१, ते पण नको झालं.

पॅकेज घ्यायचंच ठरलं तर निघायच्या आधी ऑनलाइन घ्या, जहाजावर चढल्यावर भाव बहुतेक जास्तच असतो. रॉयल कॅरिबियनमध्ये आधी घेऊन ठेवायचं आणि सेल लागला की रद्द करून कमी भावात पुन्हा घ्यायचं असं चालतं, बाहेरचे लोक दर आठवड्याला भाव पाहत बसतात. आपल्यासाठी यात एक मेख आहे. बऱ्याच भारतीय क्रेडिट कार्डांवर विदेशी खर्चाला साडेतीन टक्के मार्कअप, म्हणजे बँकेचा जादा आकार, आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे चार टक्क्यांच्या थोडं वर. ६८ हजारांवर २,८०० रुपये. रद्द केल्यावर पैसे परत येताना रेट वेगळा लागतो आणि मार्कअप परत येईलच असं नाही. म्हणून भाव दोन-चार डॉलरने उतरला तर हात लावू नका, दहा-बारा डॉलरने उतरला तर करा. मार्कअप नसलेलं किंवा कमी असलेलं कार्ड घरात कोणाकडे असेल तर ते वापरा. जहाजावर नाहीतर पोर्टवर मशीन विचारेल रुपयांत घेऊ का डॉलरमध्ये, डॉलर म्हणा, रुपयांत त्यांचा स्वतःचा रेट लागतो आणि तो महाग पडतो. आणि सिंगापूरच्या ट्रिपला मेन्यूवर लिहिलेला डॉलर अमेरिकेचा आहे का सिंगापूरचा हे पहिल्याच दिवशी पाहून घ्या, सिंगापूरचा बराच स्वस्त आहे, तुलना करताना दोन्ही मिसळले की सगळं चुकतं.

मुंबईहून गोवा करणाऱ्या कॉर्डेलिया क्रूझ कंपनीची गोष्ट थोडी वेगळी. त्यांचं एम्प्रेस जहाज १९९० चं, आधी रॉयल कॅरिबियनकडे होतं, इथे २०२१ पासून चालतंय. पैसे रुपयांत म्हणून कार्डाची भानगड नाही. पण दोन रात्रींच्या ट्रिपमध्ये पहिला दिवस चढण्यात अर्धा जातो आणि शेवटच्या दिवशी सकाळी उतरायचं, प्यायला वेळच किती उरतो, तेवढ्यासाठी पॅकेज घेताना दोनदा विचार करा. टॅक्स धरून भाव आहे का वेगळा ते लेखी घ्या.

सिंगापूरच्या चांगी विमानतळावर ड्युटी फ्रीमधून बाटली घेऊन केबिनमध्ये बसू असा प्लॅन अनेकांचा असतो. होत नाही. चढताना सामान स्कॅन होतं, बाटली काढून ठेवतात आणि शेवटच्या दिवशी परत देतात. रॉयल कॅरिबियन पहिल्या दिवशी मोठ्या माणसामागे ७५० मिलीची वाइनची एक बाटली नेऊ देते, वाइन पिणाऱ्यांसाठी ते चांगलं आहे. घरी आणायची बाटली परतीच्या वाटेवर घ्या, भारतात माणशी दोन लिटरपर्यंत ड्युटी लागत नाही.

शेवटच्या रात्री जेवणाआधी रिसेप्शनवर जाऊन नाहीतर ॲपवर बिल उघडून एकेक ओळ वाचा, सकाळी तिथे मोठी लाइन असते आणि सगळ्यांना उतरायची घाई. मी रोज रात्री वहीत लिहिलेलं सोबत नेलं होतं. अंदाज २६९ डॉलरचा होता, टिपसकट, आणि बिल आलं २८८. वाढलेल्या दोन ओळी मी बोट ठेवून शोधल्या, दोन्ही मॉकटेलच्या, माझ्या कार्डावर, शेवटच्या संध्याकाळच्या. सासूबाईंनी एक मागितलं होतं, संत्र्याचं, आणि ते संपवून ग्लास माझ्याकडे सरकवत म्हणाल्या होत्या, आपल्या संत्र्याची सर नाही, पण अजून एक सांग.